मामींचा डावा पाय

माझी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मान वर राहील. ज्या बाईच्या पायांवर मी चित्रातली माणसं उभी करायला शिकलो, तिच्या अधू पायाला मी भर प्रदर्शनात 'मशीनची चूक' म्हणालो. त्या तेव्हा दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

त्या म्हणजे परभणीच्या आमच्या पेंटरमामांच्या पत्नी. सगळे त्यांना मामी म्हणायचे.

मी ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यातला. शेतीत मन नव्हतं, मास्तरकीला नंबर लागला नव्हता. परभणीत एका कापडदुकानाच्या पाटीवर एक बाई रंगवलेली होती. हातात पदर धरलेली, आता खाली उतरेल की काय अशी. मी एसटी चुकवून तिच्याकडे बघत राहिलो आणि मग दुकानदाराला विचारून पेंटरमामांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलो.

मामा शिडीवर होते. खाली न बघताच म्हणाले, "सेलूपासून पूर्णेपर्यंत ज्या पाटीवर बाई दिसंल, ती माझी समज."

आतून आवाज आला, "तुमची कशाची? उभी कोण राहिली?"

ते खरंच होतं. मामी उभ्या राहायच्या आणि मामा चित्र काढायचे. मामींची एकच अट होती. "तोंड माझं काढायचं न्हाई. मला भाजी घ्यायला बाजारात जावं लागतंय." म्हणून तोंड कुठल्या तरी नटीचं नाहीतर कॅलेंडरातल्या बाईचं यायचं, पण गळ्याखाली सगळ्या मामीच. साडीच्या दुकानावरची, बियाणांच्या दुकानावरची टोपलीवाली, टॉकीजच्या फलकावरची नायिका, सगळ्या मामींच्याच पायांवर उभ्या होत्या. हे गुपित मला कळलं तेव्हा गावातून चालताना मला उगीचच ऐट वाटायची.

मामी लहानपणी बैलगाडीतून पडल्या होत्या. डाव्या घोट्याचं हाड वाकडं जुळलं. त्यामुळे सगळा भार उजव्या पायावर. उजवी कंबर वर, उजवा खांदा खाली, डावी टाच जराशी उचललेली. मामा म्हणायचे, "दोन्ही पायांवर उभा राहतो तो पोलीस. माणूस एका पायावर उभा राहतो. हे मला हिनं शिकवलं, फुकटात."

"फुकटात न्हाई," मामी म्हणायच्या, "सकाळचा चहा कोण करतंय?"

तो मामा करायचे.

माझी सुरुवातीची सगळी माणसं पोलीस होती. मामा माझा कागद हातात धरायचे आणि विचारायचे, "हा उभा हाय का खुंटीला टांगलाय?" त्यांनी एका गवंड्याकडून ओळंबा आणला होता. दोरी गळ्याच्या खळग्यासमोर धरायची आणि खालचं टोक कुठं येतं ते बघायचं. ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्याजवळ आलं तर माणूस उभा. नाही आलं तर पडायला लागलाय, मग तोंड कितीही सुंदर काढा.

मामींची शिकवण वेगळी. एकदा मी त्यांच्याकडे बघून रेघा ओढत होतो, पण कंबर काही जमत नव्हती. त्या कंटाळल्या. "नुसतं बघून काय कळंल रे? ये इकडं. माझ्यासारखा उभा राह." मी राहिलो. थोड्याच वेळात उजव्या कंबरेत कळ यायला लागली.

"कुठं दुखायलंय?"

मी बोट ठेवलं.

"तिथं रेघ दाट ओढ. बाकीची जाऊ दे पातळ."

त्या दिवशी माझ्या हातून पहिल्यांदा माणूस उभा राहिला. मामांनी ओळंबा धरला, दोनदा तपासला आणि माझ्या हातात त्यांचा चांगला ब्रश दिला.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी स्टेशन रोडला कंप्युटरचा क्लास निघाला. बाहेर चपला काढायच्या, आत पडदे, आत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. देवळाहून कडक शिस्त. क्लासच्या सरांना चित्र काढता येणारा माणूस हवा होता, कारण सेलू-मानवतच्या व्यापाऱ्यांना दाखवायचं होतं की या डब्यावर जाहिरातही होते. मी गेलो.

माऊस हातात घेतला तर ओल्या साबणानं चित्र काढल्यासारखं वाटलं. साधी पाठीची रेघ ओढायची तर जिना उतरल्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी यायची. आठवडाभर मी स्क्रीनवर नुसती गांडुळं काढली. मग मामांना बघायला बोलावलं. ते चपला काढून आत आले, मागे हात बांधून बघत राहिले.

"मनगटानं कामून ओढायलास? खांद्यातून ओढ. पाटी असो का डबा, हात तोच."

मी खुर्ची सारली आणि उभा राहून माऊस फिरवायला लागलो. बाकीची मुलं हसली. पण रेघ आली. पुढं मामांचं एकेक मी त्या मशीनवर आणत गेलो. फलकासाठी चौकटी पाडायचो तशा स्क्रीनवर चौकटी पाडल्या. डोळे अर्धे मिटून बघितलं की ठिपके विरघळून अंग दिसायचं, अगदी लांबून फलक बघावा तसं. आणि ओळंबा! तो मी स्क्रीनसमोर धरला तेव्हा सर म्हणाले, "आता कंप्युटरलाही ओळंबा. उद्या थापी आणशील, परवा सिमेंट." पण ओळंबा धरल्यावरच दिसलं की बाई बोटभर डावीकडे पडत होती. एक-एक ठिपका हलवून मी तिला सावरलं. मध्येच वीज जायची आणि सेव्ह करायचा राहिलेला अख्खा खांदा नाहीसा व्हायचा. पुन्हा काढायचा.

शेवटी ती झाली. कापूस वेचून ओटी भरलेली, क्षणभर थांबलेली बाई. काढताना समोर कुणीच उभं नव्हतं. मामी माझ्या हातात होत्या. प्रिंटर किरकिरत एकेक ओळ छापत गेला. आधी डोकं, मग खांदा, मग कंबर. सगळा क्लास भोवती जमला होता. सगळ्यात शेवटी डावी टाच आली, जराशी उचललेली. परभणीत कुणी मशीनवर माणूस उभा केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. तो अभिमान मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही.

क्लासमध्येच व्यापाऱ्यांसाठी भरवलेल्या प्रदर्शनाला सेलूचे एक जिनिंगवाले शेठ आले. मामा आणि मामीही आले होते. मामींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गर्दी होती म्हणून त्या दारातच थांबल्या. मी शर्ट खोचून कंप्युटरशेजारी उभा होतो.

शेठ चित्राजवळ गेले. "छान हाय. नव्या वर्षाच्या कॅलेंडरला घेऊ. पण ही बाई अशी कलली कामून? लंगडी हाय का काय?"

दोन-तीन जण हसले. सरांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते दारात उभं होतं. पण मी पत्र्याच्या शेडमध्ये एका लंगड्या बाईकडून शिकलो, हे त्या पडद्यांच्या खोलीत मला सांगवेना.

"मशीनची चूक आहे शेठ," मी म्हणालो. "सरळ करून देतो."

मी दाराकडे बघितलं तेव्हा मामी वाकून चपला शोधत होत्या. मामा त्यांच्यामागे निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "मशीनची चूक व्हय? मग आमच्याकडं काय गवत उपटायला येत होतास?"

दुसऱ्या दिवशी मी खरंच तिला सरळ केलं. कंप्युटरवर ते फार सोपं होतं. कंबर धरून खाली ओढली, टाच जमिनीला टेकवली, झालं. मग सवयीनं ओळंबा धरला. दोरी दोन पायांच्या बरोबर मधे आली. चूक काही नव्हती, पण बाई खुंटीला टांगलेली होती. ओटीतला कापूससुद्धा रिकामा वाटायला लागला. मी होती तशी पुन्हा काढली आणि शेठ आले तेव्हा म्हणालो, "उभी राहील तर अशीच राहील. नाहीतर दुसरं चित्र बघा." सर टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होते. शेठनी सरळ आणि कललेल्या बाईचे दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. "कललेलीच दे," म्हणाले. "ती दमलेली दिसती."

कॅलेंडर निघालं. मी ते घेऊन मामांकडे गेलो. मला वाटलं होतं, माफी मागायची ती या चित्रातच मागून झाली. मामांनी ते भिंतीवर धरलं, डोळे अर्धे मिटले. त्यांचा राग तिथंच गेला. "अगं बघ, हुबेहूब तू!"

मामी चुलीपुढून उठल्या नाहीत. "चित्रात पाय ठेवलास रे," म्हणाल्या, "बोलण्यात न्हाई ठेवलास. बोललास चार माणसांत. आता कागद आणून इथं गुपचूप देतोस?"

त्यांनी चहा दिला, पण जवळ बसल्या नाहीत. पुढचे बरेच दिवस मी शेडच्या रस्त्यानं जायचं टाळलं.

त्या उन्हाळ्यात सरांनी मला नव्या बॅचला चित्रकला शिकवायला सांगितलं. पहिल्या दिवसासाठी मी मामा-मामींना आणायला गेलो. मामी म्हणाल्या, "मला काय येतंय तिथलं?" मी म्हणालो, "उभं राहायला येतंय." मामा हसले. मामी हसल्या नाहीत, पण आल्या.

या वेळी मी त्यांना दारात थांबू दिलं नाही. स्क्रीनवर तीच कापूसवाली बाई होती. सर होते, पंधरा-वीस पोरं होती, आणि योगायोगानं शेठही काही कामाला आले होते. मी ओळंबा हातात घेतला. दोरी झुलत होती. ती थांबेपर्यंत मीही थांबलो.

मग म्हणालो, "ही बाई कलली, कारण या मामींच्या डाव्या घोट्याचं हाड लहानपणी वाकडं जुळलं. त्या ज्या पायावर उभ्या राहिल्या, त्याच पायावर मी सगळी माणसं उभी करायला शिकलो. मशीनची चूक नव्हती. ती मी माझी लाज झाकायला सांगितली होती, याच खोलीत, त्यांच्यासमोर." मग मी त्यांच्याकडे वळलो. "मामी, चुकलो मी. मला माफ करा."