छायाची सिद्धता

गेल्या महिन्यात शाळेतून घरी येऊन टेकते न टेकते तोच फोन वाजला. "मॅडम, मी ऋतुजा. औशाहून." दोन वर्षांपूर्वी आमच्या लातूरच्या शाळेतून दहावी झालेली मुलगी. "मॅडम, आई गेली. कावीळ झाली होती. तुमचा नंबर आईच्या फोनमध्ये होता..." तिची आई म्हणजे छाया. हदगावच्या शाळेतली माझी मैत्रीण. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर नव्हता.

शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. मी पाठ करणारी, छाया विचार करत बसणारी. नववीत समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय आलं. दोन बाजू समान असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही समान. पुस्तकात मधून दुभाजक काढून त्रिकोणाचे दोन भाग करतात आणि ते एकरूप दाखवतात. मधल्या सुट्टीत छायानं कागदाचा तसा त्रिकोण कापला, वहीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, मग उचलून पालथा केला आणि त्याच रेघांवर ठेवला. नेमका बसला. "बघ मंगल, मधी रेघ कशाला मारायची? डावी बाजू उजवीवर गेली, उजवी डावीवर. मधला कोन तोच हाय. बाकोबा लागतंयच की!" बाकोबा म्हणजे बाजू-कोन-बाजू ही एकरूपतेची कसोटी. त्रिकोण स्वतःशीच एकरूप, फक्त उलटा. मला ते लख्ख समजलं होतं.

चाचणीत तिनं तेच लिहिलं. सरांनी पेपर वर्गात उंच धरला. "रचना कुठाय? हिचा त्रिकोण म्हणं स्वतःशीच एकरूप हाय!" वर्ग हसला. छाया उठून समजावू लागली, तर सर म्हणाले, "कुणाला कळून राहिलंय का हिचं?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून कंपासपेटी आवरत राहिले. मला पैकीच्या पैकी गुण होते, सरांची मर्जी घालवायची नव्हती. शून्याचा पेपर तिनं घडी करून दप्तरात टाकला आणि डबा खाताना नेहमीसारखं लोणचं माझ्यापुढं केलं.

दहावीनंतर आम्ही दोघीही नांदेडला गेलो, मी कॉलेजात, ती शिवणकामाच्या कोर्सला. हळूहळू भेटी थांबल्या. लग्न होऊन ती औशाला गेली, मी लातूरला गणित शिकवू लागले. पहिल्याच वर्षी एका वर्गाला दुभाजकाची रचना पटेना, तेव्हा मी कागदाचा त्रिकोण कापून पालथा केला. "मॅडम, हे तुम्ही शोधलं?" एका मुलीनं विचारलं. मी हसले. नाही म्हणाले नाही. पुढं शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला तेच दाखवायला बोलावू लागले. नंतर कधीतरी वाचलं की ही सिद्धता फार जुनी आहे, कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी मांडलेली. वाचून मला हायसं वाटलं. आता कुणाचंच नाव घ्यायची गरज नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली... पण मी ती पुस्तकातून शिकले नव्हते.

ऋतुजा दहावीत असताना पालकसभेत मुख्याध्यापकांनी "मंगल मॅडमची पद्धत" म्हणून माझं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. तिसऱ्या रांगेत ऋतुजाशेजारी छाया बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती. ऋतुजा तिची मुलगी हे मला तेव्हा कळलं. सभा संपल्यावर ती जवळ आली. "लई चांगलं समजावतीस म्हणं गं." एवढंच. मी म्हणाले, "थांब हं, आलेच," आणि दुसऱ्या पालकांकडं वळले. मुद्दामच. परत बघितलं तर ती बस गाठायला निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ऋतुजाकरवी माझा नंबर मागून घेतला तिनं. फोन मात्र कधी केला नाही. मीही नाही.

औशाला भेटायला गेले तेव्हा घरात ऋतुजा एकटीच होती. मी सांगून टाकलं, "ती सिद्धता माझी नव्हती. तुझ्या आईची होती."

"माहीत हाय मॅडम. तुम्ही शिकवायच्या आधीच आईनं दाखवली होती."

"मग वर्गात बोलली का नाहीस?"

"आई म्हणली, मंगल सांगंल एक दिवस. तिच्याच तोंडून येऊ दे."

खिडकीपाशी शिलाई मशीन होतं, शेजारी कापायचं टेबल. त्यावर कुणाच्या तरी ब्लाउजच्या निळ्या कापडावर छायाच्या खडूच्या रेघा तशाच होत्या. ऋतुजानं ते कापड हलवलेलं नव्हतं. मी हात पुढं केला... आणि रेघ पुसली जाईल म्हणून मागं घेतला.