फिजिक्सचे भूतवाले सर

आमच्या लॅबमध्ये तीन गोष्टी साठत गेल्या: मेलेले सेल, फुटक्या काचा आणि सरांचे किस्से. पहिल्या दोन मी फेकल्या. तिसरी फेकवत नाही, काय करू!

सर म्हणजे जळगावच्या आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे प्रोफेसर. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. प्रकाशावरचे त्यांचे पेपर विलायतेत छापून यायचे. एकुलती एक मुलगी कुसुम टायफॉइडनं गेली, आणि हा माणूस दर रविवारी थर्मामीटर, होकायंत्र घेऊन भुताखेतांच्या मागे फिरू लागला. "ती कुठं तरी आहे का, एवढंच मोजून बघायचंय," म्हणायचे. कपाळ!

*

धुळ्याजवळच्या एका खेड्यात झपाटलेली विहीर बघायला गेलो. सर पुण्याचे, अहिराणीचा गंध नाही. एका आबांना विचारलं, "विहिरीत भुतं किती?" आबा कानानं कमी. म्हणाले, "शे ना, भाऊ, शे!"

सरांनी वहीत लिहिलं: भुतं, शंभर.

अहो, 'शे' म्हणजे 'आहे'! परतताना मी सांगितलं. सर हसले नाहीत. शंभर खोडून 'आहे' लिहिलं, आणि धुळं येईपर्यंत त्या शब्दाकडे बघत बसले.

*

मेहरूणच्या तळ्यात संध्याकाळी दिवा चालतो, असं लोक म्हणायचे. सरांनी कोन मोजून दाखवून दिलं, की पलीकडच्या बैलगाड्यांचे कंदील पाण्यात दिसतात. एक अक्का रोज तिथं हात जोडायच्या. नवरा त्याच तळ्यात गेलेला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं काय अडलं होतं हो?"



*

पोरांनी फळ्यावर भूत काढलं, शेजारी दिवा. सरांनी खडू घेतला. "दिवा डावीकडे, मग सावली उजवीकडे हवी!"

"भुताला सावली नसते, सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुणी बघितलंय?"

वर्ग खो खो हसला. सर मात्र खरंच उत्तराची वाट बघत उभे होते.

*

हेडची जागा रिकामी झाली. प्रिन्सिपॉल म्हणाले, "एक तर भौतिकशास्त्र, नाही तर भूत. काय ते ठरवा!"

"साहेब, भौतिक हा शब्द भूतापासूनच आलाय."

झालं! जागा दुसऱ्याला गेली. मला राग आला तो सरांचाच. गप्प बसता येत नव्हतं?

*

नशिराबादला एका बाईंच्या अंगात यायचं. सरांचं नावगाव कुणालाच सांगितलं नव्हतं. भर दुपारी बाई घुमू लागल्या, थांबल्या, आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "तात्या, माझी वेणी अर्धीच राहिली."

कुसुम सरांना तात्याच म्हणायची. "शेवटच्या सकाळी मीच घालत होतो," सर मला एवढंच म्हणाले. मग बाईंकडे वळून, "पुन्हा म्हणा."

"एकदाच बोलतं ते, साहेब," बाईंचे दीर म्हणाले. बाई तर उठून भाकरी थापायलाही लागल्या होत्या.

फिजिक्समध्ये एका रीडिंगला कुणी विचारत नाही, तीन लागतात. सरांनी वहीत पहिलं लिहिलं. खाली दोन आणि तीन आकडे घालून जागा मोकळी सोडली.

टांगेवाला हाका मारायला लागला. मी म्हटलं, "सर, चला आता."

सर ओट्यावर नीट मांडी घालून बसले.

"तुम्ही व्हा पुढं. माझी अजून दोन राहिलीत."