विकलेलं वाक्य

सकाळी चहाचं आधण ठेवलं की माझा हात फोनकडं जातो. काल ब्लॉग किती जणांनी उघडला, किती वेळ थांबले, कुठल्या ओळीवरून परत फिरले, हे बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आणि बघितल्यावर तर अजिबातच लागत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत बघते, भाजी निवडताना बघते. नवरा म्हणतो, दूध उतू जातंय का बघायला तू एवढी कधी उभी राहिली नाहीस. खरं आहे. पण ही खाज मला आधी नव्हती. माझं लिखाण बरं की वाईट हे तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या टेलर चाचांचं मशीन सांगायचं.

परंड्यात आमच्या घरापासून चार घरं सोडून चाचांचं दुकान आहे. पायाचं मशीन, कापड कापायचा टेबल, मापांची वही आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, एवढंच. मी शाळेत मराठी शिकवते. ब्लॉगसाठी पहिला लेख लिहिला तेव्हा तो कुणाला तरी वाचून दाखवायची घाई झाली होती. ब्लाऊज टाकायला गेले आणि तिथंच स्टुलावर बसून वाचायला लागले. चाचा उर्दू शाळेत शिकलेले. मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलतात, पण वाचायचं म्हटलं तर दुकानांच्या पाट्यांपुरतं. ते मान खाली घालून शिवत होते. मला वाटलं, यांचं लक्षच नाही. मग एका वाक्याला मशीन थांबलं. पाय तसेच ठेवून ते बसून राहिले. मी गप्प झाले तशी म्हणाले, "वाचा की पुढं."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. लेख लिहून झाला की स्टुलावर जाऊन वाचायचा. मशीन कुठं तरी थांबलं तर ब्लॉगवर टाकायचा, सलग चालत राहिलं तर घरी येऊन पुन्हा लिहायचा. "छान", "वा" असलं चाचा कधीच म्हणाले नाहीत. एकदा पाण्याच्या टँकरवर मी अलंकार ठासून भरलेला लेख नेला, तर मशीन थांबायचं सोडा, उलट त्याचा वेग वाढला. तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी, रांगेत आपला हंडा ओळखू यावा म्हणून बायका त्याच्या गळ्याला कापडाची चिंधी बांधतात, एवढ्या साध्या ओळीला ते थांबलं.

सगळ्यात जास्त वेळ थांबलं ते चाचींच्या लेखाला. चाची काजं-बटणं आणि मुडप, म्हणजे कडेची आतली दुमड, हातानं करायच्या. लहान मुलांच्या कुडत्याला खाली आतून दोन बोटं जादा कापड दुमडायच्या. "लेकरू वाढतंय, कापड न्हाय," म्हणायच्या. पुढच्या ईदला पोरगं उंच झालं की आया तोच कुडता घेऊन येत, चाची मुडप उसवून कापड खाली सोडत, आणि कुडता पुन्हा अंगाला येई. दिवाळीला कपडे शिवणाऱ्या आमच्या घरांनाही ही सवय होती. चाचांकडचा कपडा म्हणजे आत दोन बोटं असणारच. चाची वारल्या त्यानंतरच्या ईदला असेच कुडते आले. मुडपीला त्यांच्याच हातचे टाके. चाचांनी ते दुसऱ्या कुणाला उसवू दिले नाहीत. एकेक टाका स्वतः काढला.

हे त्यांनी मला एकदा काम करता करता सांगितलं. मी विचारलं, "चाचा, लिहू का मी हे?"

"लिवा. पर जसं हाय तसं लिवा. वाढवू नका."

मी तसंच लिहिलं. वाचून दाखवताना "एकेक टाका" इथं मशीन थांबलं, ते त्या दिवशी पुन्हा सुरू झालंच नाही. मी लेख संपवला, चपला घातल्या आणि घरी आले.

तेव्हा आमची ब्लॉगवाल्यांची एक टोळी होती. एकमेकांना कधी भेटलो नाही, पण एकमेकांच्या घरातलं सगळं माहीत. मुरूमची एक बाई होती, तिच्या सासूबाई बाजारात भाव कानडीत करायच्या आणि भांडायच्या मात्र मराठीत, त्यावर ती इतकं मजेदार लिहायची की मी फोन हातात धरून एकटीच हसत बसे. सोनारीकडचे एक गृहस्थ जत्रा उठून गेल्यावर गावात काय काय मागं राहतं ते लिहायचे. मग हळूहळू सगळ्यांना काय झालं कोण जाणे. मुरूमच्या बाईचं "वजन घटवणारे सात पदार्थ" आलं, मग "हिवाळ्यात खाल्लेच पाहिजेत असे नऊ लाडू". दर दोन ओळींनंतर मिक्सरची जाहिरात. खाली प्रतिक्रिया कुणाच्या, तर "छान माहिती, आमच्या साइटला भेट द्या". सोनारीच्या गृहस्थांनी ब्लॉगचा पत्ता सोडून दिला आणि तो दुसऱ्याच कुणी घेतला. आता तिथं टक्कल घालवायचं तेल मिळतं.

मी रागानं मुरूमच्या बाईला विचारलं, "तुमच्या सासूबाई कुठं गेल्या?"

तिचं उत्तर आलं, "सासूबाईंना कुणी शोधत नाही हो. वजन शोधतात."

त्या उत्तरावर मी आठवडाभर धुमसत होते. भेटेल त्याला सांगत होते की या लोकांनी घरातल्या माणसांचा बाजार मांडला आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला नेहमीच लवकर दिसतं.

मग मला फोन आला. गोड आवाजाची एक मुलगी, कपडे विकणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटची कामं घेणारी. "मॅम, ईदचे कपडे म्हणून शोधलं की तुमचा तो टेलरचा जुना लेख खूप वर येतो. त्यात फक्त एक वाक्य टाकायचं. बाकी एक अक्षर बदलायचं नाही. एका वाक्याचे पैसे."

मी हो म्हटलं. पैशांची नड नव्हती, हे आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर दया करायची सोय राहणार नाही. झालं असं होतं की इतकी वर्षं आमच्याकडं प्रत्येक सणाला जाऊबाई विचारायच्या, "त्या लिहिण्याचं मिळतं काय तुम्हाला?" घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते म्हणून सगळे हसायचे, मीही हसायची. आता माझ्या लेखातल्या एका वाक्याच्या जागेला मोल आलं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

तिनं पाठवलेलं वाक्य असं होतं: "ईदसाठी ट्रेंडी कुर्ते आता ऑनलाइन सर्वोत्तम दरात उपलब्ध आहेत." ते मी चाचींच्या परिच्छेदाच्या आधी बसवून बघितलं, तर ठिगळ लांबूनच दिसत होतं. आणि मग मी ते केलं जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी ते वाक्य सुधारलं. मराठीची बाई ना मी. लिहिलं, "चाचा आता स्वतःच म्हणतात, 'बाई, ईदला कुडते मोबाईलवरूनच मागवत जावा. आमचे डोळे आता कुठं साथ देतात?'" त्यातल्या "मोबाईलवरून" या शब्दावर बोट टेकलं की त्या वेबसाइटचं दुकान उघडायचं. मुलगी म्हणाली, "मॅम, किती नॅचरल!" त्या एका शब्दावर मी दिवसभर तरंगत होते.

चाचांना ते वाचून दाखवलं नाही. जुनाच तर लेख, एकदा ऐकून झालेला, अशी मी स्वतःची समजूत घातली. नंतर नवे लेखही न्यायचं बंद केलं. नेणार तरी काय? एव्हाना मीही "पावसाळ्यात कपडे वाळवण्याच्या पाच सोप्या युक्त्या" लिहायला लागले होते. मशीन त्याला थांबणार नाही, हे कळायला स्टुलावर जाऊन बसायची गरज नव्हती. त्याच सुमारास आकडे बघायची ही खाज लागली.

ईद होऊन आठवडा झाला असेल. साडीला फॉल लावायला म्हणून मी दुकानात गेले. टेबलावर लहान मुलाचा एक आकाशी कुडता उलटा करून ठेवलेला होता.

"बरं झालं आलात बाई," चाचा म्हणाले. "ह्ये बगा जरा."

त्यांनी कुडत्याची खालची कड बोटांत धरून माझ्यापुढं केली. बारीक मशीनची शिलाई होती आणि तिच्या आत कापडच नव्हतं.

"काटोकाट कापलंय. आत काय बी न्हाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईनं पोरासाठी तो मोबाईलवरून मागवला होता. आला तो चार बोटं आखूड. तिनं परत पाठवला नाही. चाचा मुडप सोडून देतील म्हणून खुशाल ठेवून घेतला आणि ईदच्या गडबडीत तसाच घालून नंतर इथं घेऊन आली. "म्हनली, आतलं सोडून द्या. आता सोडू काय? मग ती बिगडली. म्हनली, चाचा, तुमीच तर सांगितलं मोबाईलवरनं घ्या म्हनून. शाळंच्या बाईनं लिवलंय तसं."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनायचं? म्हनलं, व्हय, चुकलं माझं." ते कुडता नीट घडी घालत होते. "मला तर याद न्हाय, म्या असं कवा म्हनलो. पर वय झालं. बोललो आसन कवा तरी. तुमी उगं कशाला लिवाल?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी "हो चाचा, त्या दिवशी नाही का म्हणालात," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तयारच होतं, आणि अगदी नॅचरल होतं. त्यांनी ते मानलंही असतं. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आलेली नाही.

"चाचा, तुम्ही कधीच तसं म्हणाला नाहीत," मी म्हणाले. "ते मी घातलं. एका दुकानवाल्यांनी त्याचे मला पैसे दिले."

चाचांनी घडी घातलेला कुडता टेबलावर ठेवला. "आनि डोळ्याचं? डोळे साथ देत न्हाईत, आसं बी ती म्हनत व्हती."

"तेही मीच."

त्यांनी सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवलं. एका दमात ओवलं गेलं. मग म्हणाले, "खाली दुसऱ्या कापडाची पट्टी लावून देतो पोराला. चालतंय." ते कुडत्याबद्दल बोलत होते.

घरी आले आणि ते वाक्य काढून टाकलं. पैसे परत पाठवले. मुलीचा फोन आला तो उचलला नाही. मग पलीकडच्या गल्लीत जाऊन त्या बाईला सांगितलं की चाचांचा यात काही दोष नाही, त्यांनी असं काही सांगितलंच नव्हतं. ती कपडे वाळत घालत होती. हसून म्हणाली, "जाऊ द्या वं बाई. मोबाईलवरचं कुटं खरं आसतंय?" मी ज्याला इतकी वर्षं माझा ब्लॉग म्हणत होते, ते तिच्या लेखी मोबाईलवरचं होतं, मुरूमच्या लाडवांसारखं आणि टकलाच्या तेलासारखं.

चार दिवस मला कुठं बसवेना. वर्गात कविता शिकवताना मध्येच थांबायची. शेवटी फोन घेऊन दुकानात गेले. म्हटलं, "चाचा, लेख पहिल्यासारखा केलाय. वाचून दाखवू?"

"वाचा की," ते म्हणाले. त्यांच्या पायाखाली मशीन चालू होतं.

मी सावकाश वाचलं. दुकान, टेबल, मापांची वही. चाचींचा हात, दोन बोटं जादा कापड, लेकरू वाढतंय. मग ती ईद, ते कुडते, मुडपीचे टाके. "एकेक टाका" पाशी मी श्वास घेतला आणि वाट बघितली. मशीन चालत राहिलं. मी पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली. चाचा कापड सरकवत होते, सुई खालीवर होत होती, चाक फिरत होतं. मी लेख संपवला.

चाचांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघून अदबीनं हसले.

"चांगलं हाय बाई," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे तोंडानं सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.