चतुराबाई मुराळी

लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतो तो मुराळी. भाऊ, नाहीतर बाप. बाई मुराळी कोणी पाहिली होती? पण दर्यापूरकडच्या चार गावांत चतुराबाई सुईणीला मुराळीच म्हणत. ते झालं असं.

साल अठ्ठावन्न. जमुना बाळंत झाली, पोरगा झाला गुटगुटीत, आणि जमुनाच विझून गेली. पोर रडलं तरी भिंतीकडं पाहत राही. जेवण नाही, झोप नाही. सासू माणिकबाईनं दृष्ट काढली, अंगारा लावला. शेवटी जमुना शेजारणीला हळूच म्हणाली, "मले विहीर बलावून राह्यली."

ही गोष्ट जमुनाच्या माहेरी चतुराबाईच्या कानी गेली. जमुनाचे आईबाप वारलेले, भाऊ नव्हताच. पण तिला या जगात ओढून आणलं होतं चतुराबाईनंच. अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई अशा बाळंतिणींना बरं करतात, असं तिनं ऐकलं होतं. पण दवाखान्याचं नाव काढलं की माणिकबाई म्हणणार, 'माह्या सुनेले वेडी ठरोता काय?' मुराळ्याला मात्र कोणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. पाठवलं, तर गावात नाक राहत नाही.

दुसऱ्या सकाळी चतुराबाई बैलबंडी घेऊन माणिकबाईच्या दारात हजर! डोक्याला फेटा, हातात दशम्यांची शिदोरी. सारा गाव लोटला.

माणिकबाई म्हणाली, "कावून वं चतुरे, सोंग आणलं काय?"

"मुराळी आली मी. लेकीले न्यायले."

"बाई कधी मुराळी असते काय?"

"मंग तिचा भाऊ दाखव! नाही ना? मंग पाट टाक, पाणी दे. मुराळ्याले उभं ठेवतेत काय तुमच्या घरी?"

बाया फिदीफिदी हसल्या. माणिकबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि निमूट पाट टाकला.

जमुना अन् पोराला घेऊन बंडीनं वेस ओलांडली आणि चतुराबाईनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. माहेरचा रस्ता राहिला बाजूला! दर्यापूरहून अमरावतीची मोटर गाठायची होती. बंडी उडतेय, पोर किंचाळतंय, फेटा सुटून गळ्यात. कंडक्टर घंटी मारणार तोच ही आडवी, "थांब रे बाप्पा, बाळंतीण हाये!"

डॉक्टरीणबाईंनी जमुनाला जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे वेड नाही, बाधाही नाही. बाळंतपणानंतर काहींचं मन आजारी पडतं. बरं होतं. राहू द्या इथं." चतुराबाईला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

औषध, झोप, डॉक्टरीणबाईंशी रोजचं बोलणं. माणिकबाई पत्ता काढत भांडायला म्हणून आली, आणि सून शांत झोपलेली पाहून नातवाची दुपटी धुवायला बसली.

एके सकाळी पोर काही केल्या चतुराबाईजवळ राहीना. खाटेवरून आवाज आला, "आण इकडं, मावशी. एवढी मोठी सुईण, अन् पोर धरता येत नाही तुले!"

चतुराबाई साऱ्या दवाखान्यात सांगत सुटली, "आयकलं काय वं बायांनो? मलेच बोलून राह्यली पोरगी!"