खाजणातला भात महाप्यात

शरीफाला रोपांशी बोलायची खोड आहे, हे तिच्या नवऱ्याला, नजीबला, लग्नानंतर कळलं. खारघरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती कढीपत्त्याला रागावत होती आणि हा गृहस्थ आपलंच काहीतरी चुकलं म्हणून आतून माफी मागत होता. आता सवय झाली आहे. "माझ्याशी बोलतेस की मिरचीशी?" एवढंच विचारतो आणि चहा ठेवतो.

महाप्याला, औद्योगिक वसाहतीच्या एका आडगल्लीत, बियाण्यांची एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे रोपं वाढवणं, त्यांची कोवळी मुळं कापणं आणि त्यांतलं कोणतं जनुक किती काम करतंय ते मोजणं, ही शरीफाची नोकरी. तिचं माहेर म्हसळ्याकडचं, खाडीकाठचं. बापजाद्यांचं खाजण, म्हणजे भरती अडवायला बांध घातलेलं खारट जमिनीचं शेत. त्यात दुसरं काही तग धरत नाही, पण घरचा लाल भात मात्र डोलत उभा राहतो. तो भात तिनेच दोन वर्षांपूर्वी पिशवीतून लॅबमध्ये आणला आणि लॅबच्या प्रमुख राजलक्ष्मी मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडम मूळच्या तमिळ, पण मराठी अशी बोलतात की भाजीवाला भाव कमी करतो. त्यांनी पाहिलं, तर गंमतच. मीठ मुळांतच अडवणारं जनुक लाल भातात होतं, तसंच बाजारातल्या सुधारित भातातही होतं. मग एक खाऱ्या पाण्यात हसतो आणि दुसरा मान का टाकतो? मॅडमचा संशय जनुकाशेजारच्या छोट्याशा तुकड्यावर होता. जनुकाने कधी आणि किती काम करायचं ते तो तुकडा ठरवतो. नळ दोन्ही घरांत एकाच कंपनीचा, पण एकीकडे कॉक पूर्ण उघडा आणि दुसरीकडे करंगळीएवढी धार, असं काहीतरी. हे खरं ठरलं, तरच लाल भात नवं वाण घडवण्याच्या कामात घेण्यात अर्थ होता.

आणि ते खरं ठरावं म्हणून शरीफा देव पाण्यात घालून बसली नव्हती एवढंच. दुआ मात्र रोज करत होती. कारण गावी तिचा भाऊ आमिर खाजणात कोळंबीचे तलाव खोदायला निघाला होता. "तुज्या लॅबला बियानं लागत आसल तर पेरतो," त्याने साफ सांगितलं होतं. "नायतर आपला भात बास झाला. खातंय कोन तो?" तलाव खणले की शेत गेलं, आणि शेताबरोबर भातही.

पहिला निकाल आला तेव्हा शरीफा खुर्चीतून उडालीच. लाल भाताच्या कोवळ्या मुळांत ते जनुक सुधारित भाताच्या कितीतरी पट जोरात काम करत होतं. मॅडमनी सगळ्यांसाठी सामोसे मागवले. शरीफाने बाहेर जाऊन अम्मीला फोन लावला आणि सगळं जमेल तसं समजावलं.

"बरा झाला," अम्मी म्हणाली. "रहू बरा फुटला आसल ना?"

रहू म्हणताच शरीफाला आपली चूक दिसली. खाजणात कोरडं बी कुणी टाकत नाही. ते भिजवायचं, गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवायचं, मोड आले की पेरायचं, हाच रहू. लहानपणापासून हाताला लागलेली सवय ती! लाल भात हातात येताच तिने तो न विचार करता भिजवला होता, ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या मागच्या उबेत ठेवला होता. सुधारित भाताचं बी मात्र पाकिटातून काढून सरळ पेरलं होतं. म्हणजे मुळं कापली तेव्हा लाल भाताचं रोप वयाने मोठं होतं. आणि वाढत्या रोपात जनुकं वयाप्रमाणे कामाचा जोर बदलतात, हे तर ती नव्या मुलांना स्वतः शिकवते!

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. सामोसेसुद्धा संपले होते. आमिरचे तलाव डोळ्यांपुढे आले आणि तिला रडूच कोसळलं. मग तोंड धुऊन ती मॅडमच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग हसू लागल्या. "अगं, माहेरचा म्हणून जास्त लाड केलास होय? टेन्शन नको घेऊ. पुन्हा पेर. या वेळी दोघांनाही सारखंच वाढ."

या वेळी दोन्ही भात सारखे भिजवले, एकाच दिवशी पेरले. फरक उरला, पण पहिल्याच्या मानाने अगदीच बेताचा. तेवढा खरा की योगायोग, कोण सांगणार? मॅडमनी मग गेल्या हंगामात शरीफानेच केलेल्या संकराचं बी काढलं. या रोपाची आई लाल भात, बाप सुधारित. दोघांचं जनुक एकाच पेशीत शेजारी शेजारी. वय एक, पाणी एक, ऊब एक; आता लाड करायचे म्हटले तरी एकट्याचे करता येणार नव्हते. जनुकाच्या या दोन प्रतींच्या रासायनिक मजकुरात एका अक्षराचा फरक होता, त्यावरून कुणाचं काम किती ते वेगळं मोजता येत होतं.

मोजलं. आईकडची प्रत बापाकडच्या दुप्पट काम करत होती. पुन्हा मोजलं, तरी तेच. मॅडम टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "कॉक त्या शेजारच्या तुकड्यातच आहे! घेतला तुझा भात."

संध्याकाळी शरीफाने आमिरला फोनवर सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट.

"म्हंजे तू गप ऱ्हायली आसतीस, तर पयल्याच येळला माजं बियानं लागलं आसतं?"

"हो."

"नि मंग पुढं खोटं निगालं आसतं तर?"

"तर तुझं एक वर्ष फुकट गेलं असतं."

"जेसीबीवाला उद्या येनार हाय," आमिर म्हणाला. शरीफाने डोळे मिटले. "त्याला सांगतो, तलाव नको. बांध तेवडा नीट करून दे. या बारीला भरतीचं पानी आत येता कामा नये."