हिरूदादाचं आवतण

आमच्या खोरीपाड्यात लग्न असो, बारसं असो की कुणाच्या घरी देवाचं काम, आवतण द्यायला हिरूदादाच जातो. खांद्याला पिशवी, पिशवीत हळद लावलेले तांदूळ. दारात उभा राहून चार दाणे हातावर ठेवतो आणि मोठ्यानं सांगतो, कधी यायचं, कुठे यायचं. ते दाणे एकदा घेतले की जावंच लागतं. अंगात ताप असला तरी जायचं, भांडण असलं तरी जायचं.

मी निर्मला. पाड्यातली अंगणवाडी माझ्याकडे आहे. पोरांमागे ओरडून माझा आवाज कायम चढलेला, त्यामुळे मी रागावून बोलतेय असं वाटलं तर वाटू दे. निम्म्या वेळा मी खरंच रागावलेली असते.

हिरूदादा उमेदीत डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत मजुरीला जायचा. आता घरचं भात आणि थोडी नागली. घरात वारली बोलतो, बाजारात गुजराती, आणि सरकारी माणूस दिसला की मराठी, तीही नीट उभं राहून. त्याचं घर ओहोळाच्या वळणावर आणि शेत पलीकडे. पावसाळ्यात ओहोळ भरला की समोर दिसणाऱ्या शेतात जायला त्याला अख्खी टेकडी वळसा घालून जावं लागतं. त्या वळणावर एक साकव व्हावा, चालत जाण्यापुरता पूल, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी त्यानं किती साहेबांपुढे हात जोडले असतील! प्रत्येक जण म्हणायचा, "वर कळवतो." हे वर म्हणजे कुठे, ते त्याला कधी कळलं नाही. मलाही नाही.

वरून आम्हाला काय मिळालं सांगू? एस.टी.चा निवारा. पत्रा, बाक, रंगरंगोटी, सगळं कसं झकास! फक्त आमच्याकडे एस.टी. येत नाही. शेळ्या मात्र मजेत बसतात.

मग पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी गावांना स्वतःचा कारभार देणाऱ्या कायद्याखाली, आमचा पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर झाला. आमची स्वतःची ग्रामसभा, आणि आमच्या वाट्याच्या निधीतून काय करायचं ते आम्हीच ठरवायचं. मी हे हिरूदादाला समजावलं.

"म्हणजे साकव कुठे पायजे ते आपण सांगायचं?"

"आपणच."

"मग वरचे काय करणार?"

"त्यांना आपण कळवायचं."

"हे बेस झालं!" असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसकाच लागला.

पण सभा भरेल तर ना! दोनदा बोलावली, दोन्ही वेळा कोरम झाला नाही. होणार कसा? नोटीस लावली मोठ्या गावात, पंचायतीच्या भिंतीवर. ती वाचायला आमच्या माणसांनी ओहोळ ओलांडून जायचं! आमचे ग्रामसेवक सुनील भाऊसाहेब माणूस चांगला, पण बिचाऱ्याच्या गळ्यात चार गावं. ते म्हणाले, "या रविवारी माणसं जमली नाहीत, तर यंदाच्या आराखड्यात तुमच्या पाड्याचं काम राहून जाईल."

"माणसं मी आणतो," हिरूदादा म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी बघते तर काय, हा खांद्याला पिशवी लावून दारोदार हळदीचे तांदूळ वाटतोय! मी कपाळावर हात मारला. "अरे दादा, सभा आहे, लग्न नाही!"

"मला दुसरं आवतण कुठे देता येतं?" तो शांतपणे म्हणाला आणि माझ्याही हातावर चार दाणे ठेवले.

रविवारी खळ्यावर अख्खा पाडा लोटला. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पांड्या ढोल घेऊन. हिरूदादाशी बांधावरून भांडून बसलेला तुक्यासुद्धा आला, फक्त तोंड दुसरीकडे करून बसला. मला तर इतका आनंद झाला की काय सांगू! पण मग एकेकीची मान वळायला लागली. चूल कुठे दिसेना. आमच्यात दाणे दिले की जेवण घालायचं असतं, आणि हिरूदादाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. वर भाऊसाहेबांची गाडी चारोटीजवळ पंक्चर झालेली, त्यांचा पत्ता नाही.

"रिकाम्या पोटी कसली गं सभा?" म्हणत म्हातारी हिराबाई उठली. तिच्यामागे आणखी दोन-चार घरं उठली. हिरूदादाचा चेहरा पार उतरला. साकव डोळ्यांसमोरून वाहून जात होता त्याच्या.

तेवढ्यात त्याची बायको सोनीबाई कडाडली. "बसा खाली! हे काय माझ्या घरचं लग्न आहे? आवतण पाड्याचं आहे, तर पाडाच जेवण घालेल. चला गं, घरात काय असेल ते आणा!"

बायका पांगल्या नि परतल्या. तांदूळ आले, डाळ आली, भाकऱ्या आल्या, कुणी वरोरच्या किनाऱ्यावरची सुकट आणली. खळ्याच्या कडेला तीन दगड मांडून चूल पेटली. भाऊसाहेब घामाघूम होऊन पोचले तेव्हा घमघमाट सुटला होता.

"लग्न कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच! बसा लवकर," मी म्हटलं.

जेवणं झाली आणि सभा सुरू झाली. अध्यक्ष सभेनंच निवडायचा असतो. सगळे ओरडले, "हिरू!" तो लाजत खुर्चीवर बसला खरा, पण साकवाचा विषय निघाल्याबरोबर ताठ झाला आणि वळणावरची जागा छान समजावून सांगितली. मला वाटलं, झालं याचं काम.

तर तुक्याची सून तानी उठली, कडेवर पोर घेऊन. सभेत ती कधी बोलली नव्हती. "साकव खालच्या उतारावर पायजे," ती म्हणाली. "दवाखान्याची वाट तिकडून आहे. ह्याच्या वेळी मला झोळीतून नेलं, तर झोळी धरणारेच पाण्यात घसरत होते. मीच कळा देत त्यांना ओरडत होते, सांभाळा रे!"

हसू फुटलं. भाऊसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. वळणासाठी पाच-सहा हात. उतारासाठी बाकीचा सगळा पाडा, आणि त्यात पहिला हात सोनीबाईचा. मी माझा हात वर केला तेव्हा मला हिरूदादाकडे बघवेना.

निकाल अध्यक्षानं सांगायचा असतो. हिरूदादा उभा राहिला. म्हणाला, "साकव खालच्या उतारावर. ठरलं." पांड्यानं ढोल बडवला.

घरी जाताना हिरूदादा नि सोनीबाई पुढे, मी मागे.  तिनंच विचारलं, "रागावलास?"

"रागावलो तर!" तो फिसकारला. चार पावलं गेला, थांबला आणि तिच्याकडे वळला. "इतकी वर्षं रागवायचं कुणावर तेच कळत नव्हतं. आता सगळे समोर दिसतात. पहिली तूच!"

आणि भर वाटेत उभा राहून तो हसायलाच लागला.