जूनीची केस ओहायोला गेली

केंटकीच्या डोंगरातल्या ओपल म्हातारीला कोर्टाची तारीख म्हणजे सणच वाटायचा. मुलाचा, डॅरेलचा घटस्फोट झाला आणि सून टेसा छोट्या जूनीला घेऊन ओहायोला गेली. पण पोरीच्या ताब्याची केस इथेच राहिली. बाप इथे राहतो तोवर ती इथेच चालायची. डॅरेलचा वकील दर वर्षी मे महिन्यात, थडगी सजवायच्या रविवाराला लागून तारीख मागून घ्यायचा. शुक्रवारी टेसा जूनीला घेऊन कोर्टाला यायची, रविवारी दफनभूमीत फुलं आणि मग झाडाखाली अख्ख्या भावकीचं जेवण. ओपल सुकवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करायची. एकदा जूनीने त्यातला तुकडा आजोबांच्या थडग्यावर नेऊन ठेवला. "त्यांना पण भूक लागली असेल ना, मामॉ?" आजीला ती मामॉच म्हणायची. ते आठवलं की ओपल अजून हसते आणि एप्रनने डोळे पुसते.

यंदा डॅरेल टेक्सासला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि टेसाने केस ओहायोला हलवायचा अर्ज केला.

"मी घरीच राहतो म्हणून सांग गं," डॅरेल फोनवर म्हणाला. "नाहीतर केस जाईल, आणि जूनी पण."

ओपलने त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, जुने बूट पुसून दाराशी ठेवले. शपथ अगदीच खोटी पडायला नको.

"मुलगा कुठे राहतो तुमचा?" कोर्टात जज्जबाईंनी विचारलं.

"त्याचं अंथरूण घातलेलं आहे, बाईसाहेब. बूट दाराशी आहेत."

"बूट असू द्या. तो कुठे आहे?"

ओपलने मागे पाहिलं. कोर्टाला येताना घाटातल्या वळणांनी जूनी दर वेळी ओकायची. आताही पोर पांढरीफटक पडून, कागदी पिशवी मुठीत धरून आईच्या मांडीवर पडली होती. ओपलला हे दर वर्षी दिसायचं. पण तिचं निम्मं लक्ष केकमध्ये असायचं.

"टेक्सासला," ती म्हणाली. "केव्हाच गेलाय. इथे मी एकटीच उरलेय."

जज्जबाई ओहायोच्या जज्जांशी फोनवर बोलल्या आणि केस तिकडे गेली.

बाहेर पायऱ्यांवर टेसा थांबली. "मामॉ, तुम्ही खोटं बोलाल असं माझा वकील म्हणाला होता."

"मलाही तसंच वाटलं होतं बाई."

टेसाला हसू आलं. मग म्हणाली, "तो थडग्यांचा रविवार दर वर्षी मेमधला शेवटचाच असतो ना? आता कोर्ट तारीख कळवणार नाही, म्हणून विचारतेय."

"शेवटचाच," ओपलने जूनीच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. "पण वळणांवर गाडी हळू घेत जा. माणसं नेतेस की बटाटे?"